दारातला तांब्या

भाविक,

आशीर्वाद आहेतच, पण आज आधी राग वाच. सहलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी तुझी माफी मागणार नाही. मी ती मागेपर्यंत तू काल्हेरहून येऊन माझ्या घरी पाऊल टाकणार नाहीस म्हणे. नको टाकूस.

गोदामं भाड्याने देऊन भागलं नाही, म्हणून तू ज्यूंच्या वारशाच्या आणि युद्धस्मारकांच्या सहली काढल्यास. पोलंडमधली, नाझींनी ज्यूंना मारलं ती छावणी बघून आम्ही बाहेर आलो. नावं लिहिलेल्या सुटकेसी पाहिल्या होत्या, परत घरी जायचंय असं समजून आणलेल्या. आणि तू बसच्या दारात पुरीभाजीची पाकिटं घेऊन उभा. "आत्या, पटापट खा, पुढं ज्यूंचं प्रार्थनाघर, ते सिनेगॉग बघायचं हाय."

मी म्हटलं, मसणातून आल्यावर आंघोळ करतात, निदान हातपाय तरी धुतात. तू हसलास. "म्युझियम हाय ते, आत्या. कॉन्व्हेंटमध्ये शिकलीस ना तू?"

शिकले. मेलेल्यांच्या दारात कसं वागायचं, ते नन्सनीही शिकवलं. बाकीच्या बायकाही हात धुवायचे म्हणून न खाता थांबल्या आणि तुझं वेळापत्रक कोलमडलं, हा माझा गुन्हा.

तू फोनवर होतास, म्हणून पुढचं तुला दिसलं नाही. आपल्या ज्यू गाइडची पणजी त्याच छावणीत मारली गेली. त्या गाइडने स्वतःच्या बाटलीतलं पाणी माझ्या हातांवर ओतलं. इंग्रजीत म्हणाली, "आमच्यातही कबरस्तानातून निघताना हात धुतात." मग तिने हात पुढे केले आणि मी ओतलं.

हे पत्र टपालात टाकणार नाही, तू ते ग्रुपवर वाचून दाखवशील. दारात तांब्या मात्र भरून ठेवलाय. येशील तेव्हा आधी हात पुढे कर.

तुझी आत्या,
हौसा