शर्ट पतीचा, वेग माझा

प्रति,
मा. पॅनल प्रमुख,
लोकअदालत, तालुका न्यायालय, कर्जत,
जि. अहिल्यानगर.

अर्जदार : सौ. राजेश्वरी गोरक्ष गांगर्डे, धंदा शेती, रा. मिरजगाव, ता. कर्जत.

विषय : भरधाव मोटारसायकलीच्या ई-चलानावरील पतीचे नाव काढून तेथे माझे नाव लावण्याबाबत.

संदर्भ : पती श्री. गोरक्ष गांगर्डे यांना आलेली लोकअदालतीची नोटीस.

महोदय,

सविनय अर्ज करते की, हा माफीचा अर्ज नाही. शाळा सातवीत सुटली, पुढचे लिहिणे मी पेपर वाचून शिकले, तरी भाषेची चूक पदरात घ्यावी. बाकीची चूक घेऊ नये.

१. सदर मोटारसायकल पतीच्या नावावर आहे. दिवाळीनंतर मिरजगावजवळ महामार्गावर ती ताशी ८४ च्या वेगाने जाताना कॅमेऱ्यात सापडली. पाटीवर ६० होते. फोटो पाठीमागून आहे. त्यात पतीचा चौकड्याचा शर्ट, पतीचे हेल्मेट आणि मागे बांधलेले पेंडीचे पोते दिसते. शर्टाच्या आत मी आहे. आमच्याकडे शेतात जाताना बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात, हे कोर्टास माहीत असेलच. साडी पोत्याआड गेली.

२. पती शाळेची व्हॅन चालवतात आणि चाळीसच्या पुढे जात नाहीत, मोकळ्या रस्त्यालाही नाही. त्यांच्या मागे बसून मी आजवर "अहो, ती म्हातारी चालत पुढं गेली बघा" असे पुष्कळदा बोललेली आहे. चलानाचा मेसेज आला तेव्हा त्यांनी फोटो पाहिला, मोठा करून पाहिला, आणि म्हणाले, "आयला, मीच की." मी कणीक मळत होते. मळतच राहिले. हा माझा दुसरा गुन्हा असून त्याचे चलान अद्याप निघालेले नाही.

३. तेव्हापासून स्टँडवर त्यांची चेष्टा चालली आहे. "गोरखनाना, ह्ये उडतं इमान कुठं लपवून ठिवलं हुतं?" असे कोणीही विचारतो. हेही मोबाईल काढून फोटो दाखवतात आणि "जवानी हाय आजून, काय समजला?" म्हणतात. मला वाटले, माणूस खूश आहे तर असू दे. माझी सोय झाली, हे खरे आहे.

४. परंतु गेल्या आठवड्यात शाळेचा निरोप आला. भरधावपणाचा एकदा जरी ठपका बसला तर व्हॅन दुसऱ्याच्या हाती जाईल, असा त्यांचा नियम आहे. नियम रास्त आहे. फक्त माणूस चुकीचा आहे. लहान पोरांची झोप मोडू नये म्हणून हा मनुष्य खड्ड्याआधी गाडी जवळजवळ उभी करतो. व्हॅन गेली तर त्यांच्यात काय उरेल, याचा विचार मला करवत नाही.

५. आता कारण. कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणारे कल्याणभाऊ म्हणाले, "वैनी, सासूबाईंना दवाखान्यात नेत हुते म्हना, समदे तसंच लिवत्यात." सासूबाई बनुबाई ठणठणीत असून पोत्यावर बसलेल्या फोटोत दिसत नाहीत. म्हणून मीच लिहिते. कारण काही नव्हते. रस्ता नवा, मोकळा होता. वारा शर्टात शिरला. बरे वाटले. गाडी पळाली नाही, मी पळवली.

६. मी गप्प का राहिले, हेही लिहिते. पतीने मला शेतात गाडी शिकवली, परवाना काढून दिला. त्या दिवशीच सासूबाईंनी बजावले होते, "एकदा जरी कुटं काई केलंस, किल्ली माज्या चंचीत." त्यांच्या चंचीत गेलेली वस्तू सुपारीखेरीज परत आलेली नाही. त्या किल्लीसाठी मी नवऱ्याला पुढे होऊ दिले.

७. काल पती मोबाईल चार्जिंगला लावून आंघोळीस गेले असता मी तो फोटो प्रथमच हाती घेऊन पाहिला. मोठा केला. उजव्या बाहीची घडी वर सरकली आहे आणि मनगटावर माझ्या हिरव्या बांगड्या आहेत. मग मला आठवले. घरात, स्टँडवर, शाळेत, हे फोटो दाखवताना मोबाईल कोणाच्या हाती देत नाहीत. स्वतः धरतात. आणि त्यांचा अंगठा दर वेळी त्याच कोपऱ्यावर असतो.

महोदय, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

तरी विनंती की, चलान माझ्या नावे करून होईल ती शिक्षा मला द्यावी, आणि पतीचा दोष नाही असे शाळेस दाखवण्यापुरते लिहून मिळावे. तारखेस पुकारा त्यांच्या नावाचा होईल. ते उभे राहून "गुन्हा कबूल" म्हणतील. गोठ्यात म्हशीपुढे म्हणून पाहताना मी ऐकले आहे. त्यांना कृपया खाली बसवावे. मी शेजारीच असेन. किल्लीचे सासूबाईंशी मी पाहून घेईन.

आपली नम्र व कबूल,

(सही)
सौ. राजेश्वरी गोरक्ष गांगर्डे
मिरजगाव, दि. ८ डिसेंबर २०२५

सोबत :
१. माझ्या वाहन परवान्याची प्रत.
२. फोटोची मोठी केलेली प्रत, अंगठा नसलेली.
३. बांगड्या हातातच आहेत, जोडता येत नाहीत. समक्ष दाखवीन.