आठव्या पत्रापासून

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचले एकदाची. ट्रंक पाळकसाहेबांनी स्वतः उचलून वर आणली. मी नको नको म्हणत मागून पळत होते आणि ते अर्ध्या जिन्यात थांबून विचारत होते की हिच्यात काय, सगळी पवित्र शास्त्रंच भरलीत की काय. पाळकीणबाईंनी खोली इतकी लख्ख करून ठेवली होती की चपला कुठे काढाव्यात तेच कळेना. एक पलंग, एक टेबल, दोन उशा. दुसरी उशी कशाला म्हटलं, तर म्हणाल्या, एकटं माणूस असलं की पाठीला लागते. आठ वर्षं बाबांच्या उशापायथ्याशी काढली. इतक्या दिवसांत माझ्या पाठीचा विचार कुणी केला नव्हता.

खोली चर्चच्या सभागृहावर आहे. खाली ऑफिस. काम सोपं: मंडळीचं मासिक पत्रक काढायचं, बाप्तिस्म्याची आणि लग्नांची नोंद ठेवायची, पत्रव्यवहार बघायचा. मुलाखतीत त्यांनी माझं शिक्षण विचारलंच नाही, हस्ताक्षर बघितलं. दादा म्हणाला होता, तुझ्या अक्षरावर कुणी नोकरी देत नसतं. आता त्याला कळवते!

९ फेब्रुवारी, रविवार

पहिली उपासना. घंटा वाजवणारे म्हातारे (सगळे त्यांना घंटाकाका म्हणतात) दोर ओढताना स्वतःच वर उचलले जातात की काय असं वाटतं. गाणारे बेसूर, पण मनापासून.

प्रवचनानंतर पाळकसाहेबांनी खिशातून एक पत्र काढलं आणि सगळं चर्च पुढे सरकून बसलं. हे डॉक्टरताईचं पत्र. ती इथलीच लेक. बारा वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या एका बेटावर मिशनच्या दवाखान्यात गेली. महिन्यातून दोनदा तिचं पत्र येतं आणि ते इथे वाचतात. भिंतीवर नकाशा आहे, त्याच्याशेजारी तिचा फोटो. हसरी, जाड भुवयांची. आजच्या पत्रात दवाखान्यात घुसलेल्या शेळ्या होत्या, ज्यांनी कापसाचं आख्खं बंडल खाल्लं, आणि हात भाजलेली एक मुलगी होती, जी पट्टी सोडताना रडायचं सोडून मोठ्यांदा आकडे म्हणायची. लोक हसले आणि रडलेही.

पहिल्या बाकावर तिची आई. सगळ्यांची आजी. वाचून झालं की पत्र तिला देतात. तिने ते न बघताच घडी करून पिशवीत टाकलं.

नंतर बायकांबरोबर बेटावर जायची खोकी भरली: पट्ट्या, साबण, जुने चष्मे. ओळखदेख नसताना मला कात्री आणि सुतळी देऊन मध्ये बसवलं. फार बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पत्रकासाठी डॉक्टरताईची जुनी पत्रं काढायला सांगितली होती. मंडळीने तिच्या सगळ्या पत्रांच्या नकला ऑफिसच्या कपाटात जपल्यात. पहिली सात मात्र मूळ आहेत.

ती सात वाचून मला हसूच आलं. डॉक्टरी अक्षर, वाकडंतिकडं, खाडाखोड. आणि काय तक्रारी! पाय ओले राहतात, मोजे पाठवा, कंपाउंडर कामचुकार आहे. आठव्यापासून डॉक्टरताईचा सूरच बदलला. गोड, शहाणी, प्रत्येक पत्रात एक गोष्ट.

सातव्याच्या मागे एक टाईप केलेला कागद चिकटला होता. मिशनच्या मुख्य कार्यालयाचा. शेजारच्या बेटावर रुग्णाला बघायला जाताना होडी उलटली. आपल्या डॉक्टर बुडाल्या. देह मिळाला नाही. आमच्या शोकसंवेदना.

तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

तीनदा वाचलं. कपाट बंद केलं. मग परत उघडून पुन्हा वाचलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कागद घेऊन सरळ पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं आणि एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा रडला.

त्यांनी जे सांगितलं ते असं. कागद आला त्या आठवड्यात आजी हृदयाच्या ऑपरेशनमधून घरी आली होती. डॉक्टर म्हणाले, धक्का सोसवणार नाही. महिनाभराने सांगू म्हणून एक पत्र रचलं. पाळकीणबाईंनी लिहिलं. मग आणखी एक. तोवर ती पत्रं ऐकून मंडळीतल्या चार मुली नर्सिंगला गेल्या, भांडणारी दोन घरं एक झाली. कुठल्या रविवारी उठून सांगायचं? खोकी दुसऱ्या मिशनच्या दवाखान्यात जातात, कुणाच्या तरी कामी येतात. हे फक्त त्या दोघांना ठाऊक.

आता बाईंची बोटं संधिवाताने आखडलीत. चमचा धरवत नाही; गेल्या रविवारचं पत्र कसंबसं लिहिलं. म्हणून लेखनिक हवी होती.

मी म्हटलं, हे मला जमणार नाही. ते म्हणाले, जबरदस्ती नाही, ताई. फक्त आजीला एकदा बघून या.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पाच दिवस नाही म्हणाले. आज आजी काठी टेकत ऑफिसात आली. पत्र आलं का विचारलं. मी म्हटलं, अजून नाही. ती माझा हात धरून बाहेरच्या पायऱ्या उतरली. तो हात अजून हातात असल्यासारखा वाटतोय.

दुपारी लिहायला बसले. बाईंचं वळण तासाभरात जमलं, फक्त ‘र’ माझाच येत होता. लिहिलं की वादळात दवाखान्याची दोरी तुटली आणि बारा पांढऱ्या चादरी पक्ष्यांसारख्या उडत समुद्रात गेल्या, आणि मी किनाऱ्यावर उभी राहून खुळ्यासारखी त्यांना हाका मारत होते.

खरं सांगायचं तर, मजा आली. देवा, क्षमा कर.

२३ फेब्रुवारी, रविवार

पत्र वाचलं. चादरींपाशी आख्खं चर्च श्वास धरून होतं. आजी बाहेर पडताना माझ्यापाशी थांबली. म्हणाली, “या वेळी छान लिहिलंय, पोरी.”

कुणाला उद्देशून म्हणाली? ‘पोरी’ ती सगळ्यांनाच म्हणते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कार्ड आलं. पाकीट नाही, उघडं कार्ड. परदेशी तिकीट, शाई फुटलेली, कागद दमट.

‘प्रिय मंडळी, चादरी सापडल्या. सगळ्या बारा. घेऊन येतेय. सहा तारखेला तीनच्या बसने.’

पाळकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. आवाज चढवून मला म्हणाले, ही कसली थट्टा. मी बाईंकडे बोट दाखवलं. बाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. काटक्यांसारखी वळलेली बोटं.

कार्डावरचा ‘र’ माझा होता.

लपवणार कसं? पोस्टमनकडून कार्ड घंटाकाकांनी घेतलं, आणि ते वाचत वाचतच आले होते. दुपारपर्यंत गावभर झालं.

२ मार्च, रविवार

पाळकसाहेब आज खरं सांगणार होते. आम्हाला तसं म्हणाले होते. उभे राहिले. समोर गायकवृंद स्वागतगीत घेऊन तयार, पहिल्या बाकावर फुलं. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी गीताचा क्रमांक सांगितला आणि खाली बसले.

सगळे आजीला मिठ्या मारत होते. ती लाकडासारखी उभी.

४ मार्च, मंगळवार

आजीने बोलावून घेतलं. दाराला आतून दुसरी कडी बसवून घेतली आहे.

म्हणाली, “मला आठव्या पत्रापासून माहीत आहे. माझी पोरगी मला कधी ‘प्रिय आई’ म्हणाली नाही. ‘ए म्हातारे’ म्हणायची. आठवं पत्र ऐकलं आणि कळलं, ती गेली.”

मग गप्प का राहिलात, मी विचारलं. तर म्हणे, पाळक इतक्या आशेने माझ्या तोंडाकडे बघत वाचायचा, त्याचं मन कसं मोडू? शिवाय मंडळीलाही ती पत्रं हवी होती.

म्हणजे ती यांच्यासाठी गप्प, हे तिच्यासाठी. अकरा वर्षं!

मग ती हळू आवाजात म्हणाली, “इतकी वर्षं दर रविवारी दोनशे माणसं जिला हाका मारतायत, ती माझी नव्हे. पण कोणीतरी ऐकलंय. मी दार उघडणार नाही. तूही उघडू नकोस.”

६ मार्च, गुरुवार

ती आली.

तीनची बस, लख्ख ऊन, शे-दीडशे माणसं. ती शेवटी उतरली. जाड भुवया, तेच हसू. फोटोतली. अगदी फोटोतलीच, एक दिवसानेही मोठी नाही. तिच्याच वर्गातल्या बायकांचे केस पिकलेत, त्या तिला मिठ्या मारत होत्या आणि कुणालाच काही वाटलं नाही. हातात पांढरं गाठोडं. महिनाभर पाऊस नाही आणि तिच्या कपड्यांची किनार ओली.

सभागृहात तिने शेळ्यांची गोष्ट सांगितली. शब्द न् शब्द पत्रातला, त्याच क्रमाने. लोक तिथेच हसले, तिथेच रडले.

आजीच्या दारावर तिने तीनदा टकटक केलं. “प्रिय आई,” म्हणाली. दार उघडलं नाही.

तिची सोय माझ्या शेजारच्या खोलीत केली आहे.

७ मार्च, शुक्रवार

गायकवृंदातली एक बाई तिची बालमैत्रीण. सकाळी तिने विचारलं, आपण शाळेच्या गच्चीवर काय लपवलं होतं, आठवतं? ती नुसती हसली. हसतच राहिली. मैत्रीण उठून जाईपर्यंत हसू हललं नाही. बिचारी माझ्या खोलीत येऊन कडी लावून बसली. पण संध्याकाळी लोकांना सांगत होती, दमली असेल गं, इतका प्रवास!

पाळकसाहेब तापाने पडलेत. बाईंनी पत्रांच्या सगळ्या नकला परसात जाळल्या. आखडलेल्या हातांनी, एकेक करून. मी काडी ओढून दिली.

८ मार्च, शनिवार

जाळल्याचा परिणाम झाला. बोलता बोलता ती अडकते. “शेळ्यांनी — शेळ्यांनी —” आणि तोंड उघडं. आत अंधार, ओला. चेहरा सकाळपासून सुजल्यासारखा, जिभेवर वाळू.

दुपारी माझ्या दाराशी उभी. पायाखाली पाणी. विचारलं, “पुढचं पत्र?”

मी लिहिलं. लिहिलं मी. नाही म्हणायची ताकद नव्हती. एक पान, कुठल्याशा म्हाताऱ्या कोळ्याचं. तिने ते वाचलं नाही, नुसता हात फिरवला. अक्षरं गेली. कागद कोरा. तिच्या गालांवर रंग आला. खाली जाऊन तिने सगळ्यांना कोळ्याची गोष्ट सांगितली. टाळ्या वाजल्या.

९ मार्च, रविवार

आजी उपासनेत उठली. मोठ्याने सांगितलं — माझी पोर बुडाली, ही ती नव्हे. मी उठले, म्हटलं, खरं आहे, पत्रं आम्ही लिहिली. बाईही उठल्या.

कुणी ऐकलं नाही. आजीचं वय झालं म्हणून तिला दोघांनी धरून घरी नेलं. बाईंना कुणीतरी पाणी दिलं. माझ्याकडे सगळे प्रेमाने बघत होते. तेच भयंकर.

मग ती बोलली. मंगळवारी परत जाते. तिकडे फार एकटं वाटतं. लिहिणारं कुणी सोबत हवं.

दोनशे हात वर झाले. मला पुढे बोलावलं. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. परदेशी सेवेसाठी पाठवणी म्हणून. मी ओरडत होते. त्यांना वाटलं, पवित्र आत्म्याने भरून गेले.

१० मार्च

खोलीला बाहेरून कुलूप. प्रेमाने. घाबरून कुठे जाऊ नये म्हणून. बाई दारापलीकडे रडतायत, किल्ली त्यांच्याकडे नाही. दादाला हाक मारावी तर कशी.

खाली स्वागतगीत. आता निरोपाचं.

११ मार्च, सकाळ

एकच उपाय. जिने लिहिली तिनेच संपवायची. कोरा कागद घेतलाय, तेच वळण. खरं ते लिहिणार — होडी उलटली, डॉक्टर बुडाल्या, देह मिळाला नाही. हात फिरवू दे त्यावरून. ते पिऊ दे.

कुलूप निघालं. ती आत आलीय. खांद्यामागे उभी आहे. खारट वास. मी लिहून संपवलं, तिच्यापुढे ठेवलं.

तिने हात फिरवला. अक्षरं गेली. चेहरा — गळतोय. खरंच गळतोय, पाणी होतंय —

थांबली. हसतेय. विचारतेय, होडीत आणखी कोण होतं.

कुणी नाही म्हटलं. एकटीच होतीस.

हात माझ्या हातावर ठेवलाय. थंड. म्हणतेय, लिही. मी नाही लिहीत. मी नाही — ही वही आहे, पत्र नाही, हिच्यात नको —

होडीत दोघी होत्या. एक डॉक्टर आणि एक