दोन कप जुनं पाणी

३ मार्च, सोमवार

अकरा वर्षांत धाकटीकडून एक ओळ नाही, एक फोन नाही. आणि आज तिची लेक दारात उभी — छातीशी काचेची बरणी, बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं, आत चिखलाच्या रंगाचं पाणी आणि त्यावर तरंगणारी फिकट, गुळगुळीत चकती. "मावशी, आईनं पाठवलंय!"

याला कोंबुचा म्हणतात. गोड चहात ही चकती सोडायची, दहा-बारा दिवस आंबू द्यायचं आणि मग ते चक्क प्यायचं! मी विचारलं, "आणि पिऊन काय होतं?" तर म्हणे, "काही होत नाही मावशी, छान लागतं." एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली मी. असलं काही कुठल्या भांड्यात दिसलं असतं तर आख्खं थिएटर दोन दिवस बंद ठेवलं असतं. आता म्हणे माझ्या ओट्यावर ठेवा!

"तुझी आई का नाही करत आता?"

"तिला... नाही जमत आता." आणि घड्याळ बघितलं. चहाही न घेता गेली. आईवर गेलीय. प्रश्न विचारला की हिला घाई!

सोबत चिठ्ठी. सात ओळी. अक्षर अजून तसंच, उजवीकडे कललेलं, जणू वाऱ्यात उभं आहे. 'ताई' नाही. 'कशी आहेस' नाही. सरळ सूचना. औषधाच्या बाटलीवरसुद्धा याहून जास्त माया असते.

उद्या परत पाठवणार.

४ मार्च

पाठवली नाही. भाची फोन उचलत नाही. तोवर ही चकती माझ्या घरात मरायला नको, म्हणून चहा केला. एवढंच.

साखर घालताना हात आखडला. तिसरी ओळ बघितली: "साखर तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी आहे. कमी करू नकोस." मला ओळखूनच लिहिलंय. मुकाट्यानं पाऊण वाटी घातली. चहा पार गार होईपर्यंत थांबले, चकती सोडली आणि पाचव्या ओळीप्रमाणे तिच्याबरोबर आलेलं दोन कप जुनं आंबट पाणीही ओतलं. नाक धरून.

७ मार्च

सातवी ओळ: "रोज उघडून बघू नकोस. तुला सवय आहे."

उघडून बघितलं. मंगळवारीही, बुधवारीही, कालही. माझी बरणी, माझं फडकं! आत काहीच घडत नाहीये. चकती बुडाली, तिरकी झाली, आज परत वर आली. झोपेत कूस बदलल्यासारखी.

९ मार्च, रविवार

आज ती चिठ्ठी पुन्हा वाचली. सूचनाच आहेत, दुसरं काही नाही. तरी चारदा वाचली.

वसतिगृहात आमच्या दोन लोखंडी खाटा शेजारी शेजारी होत्या. ती सहा वर्षांची, मी अकराची. सकाळी घंटा झाली की नन हात तपासायला यायच्या — तळवे, मग उलटे, मग नखं. धाकटीच्या नखांत कायम माती. मी तिला नळाखाली धरायची आणि कोपरापर्यंत घासायची. पाणी बर्फासारखं. ती डोळे गच्च मिटून दोन्ही हात पुढे करून उभी राहायची, आणि दर थोड्या वेळानं विचारायची, "ताई, झालं?"

पाच वर्षं रोज. पुढे थिएटरमध्ये डॉक्टर म्हणायचे, तुमच्यासारखे हात कोणी धूत नाही. त्यांना काय ठाऊक, सराव कोणावर झालाय!

दोन बस बदलल्या की तिचं घर. तासाभराचा रस्ता. अकरा वर्षं तो रस्ता काही माझ्यानं संपला नाही.

१२ मार्च

वरच्या मजल्यावरची आज जिन्यात आडवी आली. "काय हो, तुमच्याकडे काही नासलंय का? वास येतोय." मी म्हटलं, "नासलेलं नाही, आंबलंय. फरक असतो. तुमच्या पेटीच्या सुरांसारखं नाही ते." बाई खट्टू होईल म्हटलं, तर उलट आत येऊन बरणीपुढे वाकून उभी राहिली. "अय्या! जिवंत आहे?"

हो म्हटलं. आणि हो म्हणताना माझाच आवाज जरा वेगळा आला.

१३ मार्च

पापुद्रा! जुन्या चकतीच्या वर नवा, पातळ, भिजलेल्या कागदासारखा. बरणी हलवली तर तोही हलतो. मी केला असं म्हणता येणार नाही, पण माझ्या घरात झाला.

सांगायला कोणी नव्हतं. केमिस्टकडे गोळ्या आणायला गेले तेव्हा त्याला सांगितलं. तो म्हणाला, "सिस्टर, दिवसातून एकदाच घ्यायची हं ही, जेवणानंतर." ऐकतच नव्हता माठ्या.

१४ मार्च

दहा दिवस झाले, गाळून बाटल्या भरल्या. चव — आंबट, गोड, जिभेला किंचित चावणारी. वाईट नाही. हे मी फक्त इथे लिहीन.

वरची वाडगा घेऊन हजर. नवा पापुद्रा तिला दिला, दोन कप जुन्या पाण्यासकट. चिठ्ठीत आहे तसंच करा म्हणून तिला तीनदा बजावलं. जुनी चकती माझ्याकडेच. ती मी कोणाला देणार नाही.

भाचीचा आज फोन लागला; एक बाटली तिच्याबरोबर पाठवली. वर चिठ्ठी लिहायला बसले. "तुझ्या सात ओळींपैकी सहा पाळल्या." फाडली. "कशी आहेस" लिहिलं. तेही फाडलं. शेवटी बाटलीवर नुसती तारीख लिहून चिकटवली. लिहितावाचता येणारी बाई मी!

१७ मार्च

उत्तर आलं! भाचीनं दारातूनच सांगितलं, पाठ केल्यासारखं: "आई म्हणाली — गोड आहे. दोन दिवस आधी काढलीस."

मोजले. सहा शब्द.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पहिल्यांदा करतेय मी! कौतुकाचं एक अक्षर? लहानपणी हिच्या पाढ्यांना 'शाब्बास' कोण म्हणायचं?

पण 'काढलीस' म्हणाली. 'काढली' नाही, 'काढल्या आहेत' नाही. मला उद्देशून. दिवसभर ते सहा शब्द घरभर फिरले माझ्यामागून.

"आणखी काही म्हणाली?" विचारलं होतं मी. भाची म्हणाली, "बाटली बराच वेळ हातात धरून बसली होती."

१८ मार्च

आता बघच म्हणावं. या वेळची बाटली अशी पाठवेन की खोट काढायला जागा राहणार नाही.

चकतीला खालून तपकिरी तंतू लोंबत होते, शेवाळासारखे. आणि बरणीतलं जुनं पाणी गढूळ, तळाशी गाळ. हे परत ताज्या चहात ओतायचं? जखम धुतलेलं पाणी कोणी परत जखमेवर ओततं का? सगळं मोरीत ओतलं. बरणी उकळली. झारा उकळला. चकती उकळून गार केलेल्या पाण्यात तीनदा धुतली, तंतू चिमटीनं एकेक काढले. नखासारखी स्वच्छ! मग ताजा चहा, साखर पूर्ण, नवं फडकं.

असा पारदर्शक रंग धाकटीच्या बरणीनं जन्मात पाहिला नसेल.

२१ मार्च

चकती तळाशी बसलीय. हलत नाही. रुसलीय.

आज लिहूनच टाकते. कोणाला सांगायचं नाही तर निदान इथे.

आईच्या शेवटच्या दुखण्यात मी घरी सगळी व्यवस्था लावली होती. दाराबाहेर साबण, पाणी, स्वच्छ टॉवेल, तोंडाला फडकं. धाकटी आली, प्रवासातून तशीच, नाक लाल. शिंकली. मी म्हटलं, "सर्दी आहे तुला. आत नाही यायचं." ती म्हणाली, "ताई, हात धुतलेत मी." मी म्हटलं, "हातांनी शिंकतेस का?"

तिनं पुन्हा धुतले. कोपरापर्यंत. मला दिसत होतं दारातून. दोन्ही हात पुढे करून उभी राहिली, ओले, टॉवेलही न घेता.

मी दार लावून घेतलं.

आई संध्याकाळी गेली. धाकटी बाहेरच्या बाकावर होती.

तिला सर्दी होतीच. नियम बरोबरच होता. अकरा वर्षं मी हेच म्हणतेय — नियम बरोबर होता! मग इतक्यांदा म्हणावं का लागतं?

२६ मार्च

फडकं काढलं.

बुरशी. हिरवट निळी, केसाळ, रुपयाएवढे तीन ठिपके. चकतीवरच. एकतीस वर्षांत माझ्या हाताखाली एकही टाका पिकला नाही, आणि ही एवढीशी चकती मी स्वच्छतेनं मारली.

पाचवी ओळ. तेव्हा अर्धीच वाचली होती का मी? "जुनं पाणी फेकू नकोस, दोन कप ठेव. त्याचा आंबटपणाच तिला राखतो." पुढे लहान अक्षरात, कागदाच्या कडेला: "सगळं धुऊन काढायचं नसतं."

बरणीसकट बाहेर टाकून आले. तिच्याकडची बरणी होती.

२७ मार्च

दुपारी फोन केला. भाचीला नाही, तिला. अकरा वर्षांनी नंबर तोच. दुसऱ्या घंटेला उचलला.

"बोल."

ना हॅलो, ना कोण. मी पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "मेली."

"काय केलंस?"

"धुतली."

 पलीकडून ती हसली. तेच हसणं, नाकातून सुरू होणारं. "साबणानं?"

"साबणानं नाही! एवढी अडाणी नाहीये मी. जुनं पाणी टाकलं."

"म्हणजे तेच ते."

"एक तुकडा दे तुझ्याकडचा. मागतेय, ऐकू येतंय ना?"

"माझ्याकडे नाहीये, ताई. होती ती सगळी तुला दिली."

"सगळी? का?"

"डॉक्टरांनी बंद केली. म्हणाले, असलं जिवंत काही प्यायचं नाही, घरातही ठेवायचं नाही. ताजी फुलंसुद्धा नकोत म्हणाले."

कोणाला असं सांगतात, हे मला कोणी समजावायला नको. औषधांनी अंगातली रोगाशी लढायची सगळी ताकद आधी काढून घेतात, मग परत यायची वाट बघतात. तेव्हा सांगतात.

"कधीपासून?" माझा आवाज वॉर्डातला निघाला. दुसरा सापडला नाही.

"जानेवारी."

"आणि माझी बाटली? गोड आहे म्हणालीस ती?"

"प्यायले नाही गं. बूच काढून वास घेतला. वासावरून कळतं."

वास घेतला. 

तीच म्हणाली, "सगळीच गेली का? पापुद्रा धरला होता ना, लेक सांगत होती."

"तो वरचीला दिला."

"मग जा, माग तिच्याकडून. आणि जप या वेळी. डॉक्टर चालेल म्हणाले की मला लागेल."

"कधी चालेल?"

"ते डॉक्टरांना विचार. तुझंच कूळ ते, मला सरळ सांगतात कुठे!"

मी म्हटलं, उद्याच येते. आणि म्हणता म्हणता शिंकले.

 मग मीच म्हटलं, "थांबते. बरी झाले की येते." ती म्हणाली, "बघ." नुसतंच — बघ.

२८ मार्च

वरचीकडे गेले, वाडगा घेऊन. तिच्याकडची चकती माझ्यापेक्षा गुबगुबीत! "अहो, मी काही केलंच नाही," म्हणाली. तेच तर. खाली येऊन गार चहात तिनं दिलेलं दोन कप जुनं पाणी आधी ओतलं. मग चकती. उघडून बघणार नाहीये.

३० मार्च

नाक अजून वाहतंय. मीच मला आत घेतलं नसतं.

२ एप्रिल

शिंक नाही. घसा खवखवतोय. तिच्या घरापर्यंत बसनं गेले, खिडकीखाली उभी राहून परत आले. तिसरा मजला, पडदा अर्धा. अकरा वर्षं ती कशी राहिली असेल बाहेर, ते आज अर्धा तास राहून बघितलं. अर्ध्या तासातच गुडघे बोलायला लागले.

बरणी उघडलेली नाही.

६ एप्रिल, रविवार

तीन दिवस कोरडी आहे. गेले. दाराबाहेर स्टूल, त्यावर साबण, पाणी, स्वच्छ टॉवेल, तोंडाला लावायचं फडकं — सगळं माझ्याच पद्धतीनं मांडलेलं. कोपरापर्यंत धुतले. मग पुन्हा. मग पुन्हा. हात पुढे करून उभी राहिले, दार ढकलायचं काही सुचेना.

आतून बारीक आवाज आला, "ताई, झालं?"