खाल्लेलं प्रदर्शन

ग्वाव्ह, ग्रेनाडा
रविवार

ती. इस्मेमावशीस वर्लिनचा साष्टांग नमस्कार.

लंडनच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत? (कसेही असले तरी तू 'झकास' म्हणूनच कळवणार.) इकडे सगळे खुशाल. माझं प्रदर्शन मात्र गावानं खाल्लं. अगदी चावून खाल्लं.

झालं असं, की जायफळाच्या जुन्या वखारीत मी पांढऱ्या टेबलांवर चाळीस नीरफणस मांडले होते. गुलामांची पोटं स्वस्तात भरावीत म्हणून गोऱ्यांनी हे झाड जहाजातून इथं आणलं, आणि पुढे त्या गुलामांची पतवंडं जहाजात बसून पोटासाठी बाहेर गेली. म्हणून प्रत्येक फळाखाली एकेका बंदराचं नाव लिहिलेला पुठ्ठा. कल्पना उत्तमच होती, त्याबद्दल मला आजही शंका नाही. लंडनच्या एका कलादालनाचे पेनफोल्डसाहेब बघायला येणार होते. त्यांना आणायला विमानतळावर जाताना मी वखारीची किल्ली शेजारच्या थिओडोराकाकूंना दिली. माझी चूक एवढीच.

परतते तो अंगणात धूर! नीरफणस निखाऱ्यांवर, जोडीला खारा मासा, आणि अर्धं गाव पंगतीला. बंदरांचे पुठ्ठे काकूंनी ताटल्या म्हणून वाटलेले.

"काकू, ती कला होती!"

"मग सडायला कशाला मांडलीस? बस, खा."

मी भांडायला बाह्या सरसावणार, तेवढ्यात काकूंची फोड संपली आणि खालचं नाव दिसलं. "साउदॅम्प्टन," त्या म्हणाल्या. "आमचे हे इथंच उतरले. नाताळला येतो म्हणाले होते."

"कुठल्या नाताळला?" कुणीतरी विचारलं.

"तेच विचारायचं राहिलं बघ."

आधी सगळे हसले, मग कुणीच हसेना. एकेक जण आपापला पुठ्ठा वाचून, तिथं गेलेल्या आपल्या माणसाचं नाव घेऊ लागला. पेनफोल्डसाहेब भरल्या तोंडानं आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "हे बसवलंत तरी कसं?"

"वर्ष गेलं," मी शांतपणे सांगितलं. (अर्धं तरी खरंच गेलं होतं.) त्यांच्या लंडनच्या दालनासाठी आमची निवड झाली!

तुझी,
वर्लिन

ता. क. मे महिन्यात तीन आठवडे तुझ्याकडेच उतरते.

ता. क. २. आई त्या पंगतीत पुठ्ठा धरून बसून राहिली, फोडीला हात लावला नाही. तू निघालीस तेव्हा ती धक्क्यावर आली नव्हती, एवढंच मला ठाऊक आहे. मे महिन्यात तीही येतेय. "इस्मेला सांगू नकोस, ती दार उघडायची नाही," म्हणते. म्हणूनच सांगतेय. मावशी, उघडशील ना?