चौदा टिचबटणं

संगमेश्वर
९ मे २०२४

प्रिय ज्ञानू,

इकडे सगळं ठीक. तुम्ही कारवारला पोचलात हे फोटोंवरून कळलं. परवा माहेरी, नाट्याला, जाऊन आले. आई बरी आहे. तुमच्या गाडीचा फोटो तिने शेजारच्या सगळ्या घरांत दाखवला. ‘ह्यात चूल पण हाय नि मोरी पण हाय,’ असं सांगते. जावयाने नोकरी सोडली हे मात्र कुणाला सांगत नाही.

पत्राचं तुला नवल वाटेल. फोन केला असता, पण तुमच्या गाडीत तो नेहमी स्पीकरवर असतो. म्हणून अनिलरावांच्या मित्राच्या पत्त्यावर लिहिते आहे. वीस तारखेपर्यंत तिथे आहात असं म्हणाली होतीस. एकटी असताना वाच.

आधी गाडीच्या खिडक्यांना बाहेरून लावायला आम्ही शिवून दिलेल्या जाळीच्या पडद्यांविषयी. काढताना जाळी ओढू नकोस. टिचबटणाखाली बोट घालून एकेक उचल. सकाळच्या गारव्यात ते कापड आखडतं, बटणं पोचत नाहीत. ऊन जरा चढू दे, मग लाव. गाडी चालू करण्याआधी सगळे पडदे काढून गुंडाळून ठेव. ऊन काचेच्या आत आलं की आलंच, बाहेरच अडवलं तर गाडी गार राहते, हे ह्यांनी तुला सांगितलंच आहे. तीन दिवस सांगत होते.

दुकानात रिक्षाचे दोन हूड शिवायला आलेत. ट्रॅक्टरची एक सीट आहे. पाऊस यायच्या आधी सगळ्यांना घाई असते.

तुम्ही इथे होतात तेव्हा हे फार बोलत होते. तुझ्या लक्षात आलं का माहीत नाही. तुला ते नेहमी तसेच वाटत असतील. खिडकीभोवती खडूने खुणा करताना म्हणाले, ‘मेव्हणीची गाडी हाय, हिला घाम येता कामा नये.’ तू म्हणालीस, ‘भावोजी, गाडीला की मला?’ आणि ते हसले. मी आत मशीनवर होते. पाय थांबवला. हसण्याचा तो आवाज मी लग्नानंतरची पहिली दोन वर्षं ऐकला होता. मला वाटत होतं, वयाबरोबर तो गेला. गेला नव्हता.

वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. अनिलराव समोरच बसले होते, तेही हसत होते. तुला दोष देत नाही. पुढचं वाच.

पलंगाजवळच्या खिडकीच्या पडद्यात मध्ये एक झडप आहे, पडून राहिलं तरी बाहेर दिसावं म्हणून. ती तुझ्यासाठी ह्यांनाच सुचली. तू मागितली नव्हतीस. कापड घेऊन माझ्याकडे आले, म्हणाले, ‘नमू, इथं एक झडप शिव. हिला झोपल्या झोपल्या समुद्र दिसला पाहिजे.’ मी शिवली. वाकडी आली म्हणून उसवून पुन्हा शिवली.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे, तू पाहिलीस. तीन वाजल्यापासून ऊन माझ्या तोंडावर असतं. भाकऱ्या भाजताना मी डोक्यावरचा पदर पुढे ओढते. तिथे बाहेरून पडदा लावायचं अकरा वर्षं चाललं आहे. एकदा मापही घेतलं होतं. ह्यांना आळस नाही, ज्ञानू. लोकांची कामं वेळेवर देतात. माझी खिडकी त्यांना दिसत नाही, एवढंच.

तू ओट्याजवळ उभी राहून म्हणालीस, ‘ताई, तू सुखी आहेस गो. एका जागी आहेस. आम्हाला रोज पाणी कुठे भरायचं हा प्रश्न.’ तू थट्टेने म्हणाली नव्हतीस. म्हणूनच ते अजून बोचतं.

त्या शेवटच्या दिवशी चार खिडक्या झाल्या होत्या. पाचवी, पलंगाजवळची, राहिली होती. तुला तिसऱ्यांचं कालवण खायचं होतं. हे म्हणाले, खाडीवर ताज्या मिळतील, चल. जाताना मला म्हणाले, ‘तेवढी एक खिडकी तू घेशील ना?’ तुम्ही स्कूटरवरून गेलात. अनिलराव फणसाखाली झोपले होते.

आमच्या कामाची एक रीत आहे. जो गाडीच्या पत्र्याला भोक पाडतो त्यानेच ते लगेच बुजवायचं. एक भोक, त्यात सिलिकॉन, मग टिचबटणाचा खालचा भाग आणि स्क्रू. त्याशिवाय दुसऱ्या भोकाला ड्रिल लावायचं नाही. पुढचं काम करून मागे वळलं की एखादं राहतंच. पाणी स्क्रूच्या आट्यांवरून आत जातं, बाहेरून काही कळत नाही. माझ्या सासऱ्यांनी आम्हा दोघांना हे शिकवलं. सोळा वर्षांत माझं एकही भोक राहिलेलं नाही. त्यामुळे माझ्या हातचं काम हे तपासत नाहीत.

मी चौदा भोकं एकापाठोपाठ एक पाडली. सिलिकॉनची नळी पायाशी होती. चौदा स्क्रू तसेच पिळले. वरून पुसून घेतलं. ओळ सरळ आली, पाचही खिडक्यांत सर्वांत सरळ.

विसरले नाही मी. प्रत्येक स्क्रूला नळीकडे पाहिलं.

अनिलरावांनी सकाळीच सांगितलं होतं की त्या भिंतीत आत थर्माकोल आहे, त्यामागे प्लायवूड, आणि खिडकीखालून तुमच्या बॅटरीची वायर जाते. वायरीवर ड्रिल जाऊ नये म्हणून त्यांनी खडूची रेघ मारून दिली होती. ती रेघ मी सांभाळली. वायर माझ्याकडून तुटलेली नाही. पण तुम्ही पुढे केरळात जाणार. तिथे पाऊस आधी पोचतो. पाणी त्या चौदा जागांनी आत जाईल, प्लायवूड कुजेल, आणि वायरीचं काय होईल ते मला कळत नाही. तुमचं दुसरं घर नाही. तुम्ही दोघं त्या भिंतीला डोकं लावून झोपता.

तुम्ही तीन तासांनी आलात. तुझे पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरले होते. हे म्हणाले, ‘हिला धड तिसऱ्या पण ओळखता येत नाहीत, नुसत्या रिकाम्या शिंपा गोळा केल्या!’ मग खिडकीकडे बघून म्हणाले, ‘बरी बसली ना?’

मी म्हटलं, ‘हो.’

सोमवारी तुझा फोटो आला. झडप उघडी, बाहेर समुद्र, खाली लिहिलेलं, ‘ताईच्या सावलीत’. 

१० मे

काल इथवर लिहून ठेवलं होतं. आज दुपारी जेवताना ह्यांना सांगितलं.

म्हणाले, ‘किती?’

‘चौदा.’

‘कुठली खिडकी?’

मी सांगितलं. मग त्यांनी ताटातलं संपवलं, हात धुतले. ‘फोन कर तिला,’ म्हणाले. मी म्हटलं, पत्र लिहिलंय. हे दुकानात गेले. बराच वेळ मशीनचा आवाज आला नाही. कळलं आहे त्यांना. का, तेही कळलं आहे. सोळा वर्षांत आमच्यात एवढं बोलणं झालं नव्हतं.

आता काय करायचं ते. मोठ्या पावसाआधी पडदा काढ. चौदाही स्क्रू बाहेर घे. पाऊस पडून गेला असेल तर दोन दिवस कडक उन्हात भोकं तशीच उघडी ठेव. मग एक भोक भर, स्क्रू पिळ, मगच दुसरं. बाहेर आलेलं सिलिकॉन बोटाने सारखं कर. हार्डवेअरच्या दुकानात सिलिकॉन मिळेल, उघड्यावरच्या कामाचं माग. अनिलरावांना काय सांगायचं ते तुझ्यावर आहे. झालं तसं सांगितलंस तरी चालेल.

जमणार नसेल तर कळव. मी कारवारला येईन. एकटी येईन.

हेवा गेलेला नाही, ज्ञानू. लिहून टाकल्यावर जाईल असं वाटलं होतं. तू पुन्हा आलीस आणि हे पुन्हा तसे हसले तर माझा पाय मशीनवर पुन्हा थांबेल. आणि तुझं अंथरूण कोरडं राहावं असंही मला वाटतं. दोन्ही खरं आहे. त्यातलं एकच लिहिलं असतं तर ते आणखी एक खोटं झालं असतं.

खाली नुसतं नाव लिहिते. त्यापुढे ताई म्हणावंसं वाटलं तर तू म्हण.

नम्रता