शुक्रवारचा टॉवेल

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. ९ डिसेंबर १९७४

ति. सौ. मुक्ताआक्कास,
रामहरीचे शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र, शेंगा आणि तो फोटो, सगळं एकाच पिशवीतून पोचलं. शेंगा छापखान्यातल्या मंडळींनी संपवल्या. मी वेळेवर जेवतो का, हे विचारणं आता बंद कर. रोज कडक भाकरी आणि चटणी खातो, दर शुक्रवारी एक नवा सिनेमा पचवतो आणि रविवारी त्यावर छापून आणतो. त्या मानाने तब्येत उत्तम आहे.

यंदाच्या हंगामाने मात्र छळ मांडला आहे. 'काळा घोडेस्वार'मध्ये अभिनय करतो तो फक्त घोडा. तसं मी छापलं. मग आला 'सुनेची पाटली'. सासू सुनेला छळते, सून तुळशीपुढे गाते, तुळस डोलते, सासू जिन्यावरून पडते आणि सून तिला रक्त देते. इतका वेळ देते, की तेवढ्यात अख्ख्या पेठेचं रक्त काढून झालं असतं. हा सिनेमा पाहून ज्याला गहिवर येईल त्याने आपलं डोकं तपासून घ्यावं, असं मी लिहिलं. रविवारी हॉटेलात लोक तो लेख मोठ्याने वाचून दाखवत होते. संपादक नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. हंगामात डोक्यावर घ्यावा असा एकच निघाला, 'रिकामं घंगाळ'. त्यात एक घंगाळ आहे आणि ते रिकामं आहे. खऱ्या कलावंताला एवढं पुरतं.

आणि आता तू लिहितेस, की दाजी जेऊरच्या तंबूत 'सुनेची पाटली'च आणताहेत. तंबू त्यांचा, जनरेटर त्यांचा, सगळं मान्य. पण मग मेहुणा पेपरात बोंबलतोय तो कोणासाठी?

फोटोबद्दल विचारलंस. फोटोग्राफरला उजेडाची अक्कल नाही. मुलीचं नाक जरा पुढे आलं आहे. उभी अशी राहिली आहे, की आता गृहपाठ दाखवा म्हणेल. डाव्या हाताचं काय करावं हे तिला शेवटपर्यंत सुचलेलं नाही. मागे रंगवलेला महाल तिच्यापेक्षा सुखात दिसतो. एकूण रचना फसली आहे. फोटो परत मागू नकोस, इथेच कुठेतरी पडला आहे.

पोरांना पापे. लोभ आहेच, त्यातला थोडा दाजींना सुबुद्धी देण्याकडे वळव.

तुझा
रामहरी


जेऊर
ता. १६ डिसेंबर १९७४

चि. रामहरीस,
मुक्ताआक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

'सुनेची पाटली'ला वाड्यावस्त्यांवरून बैलगाड्या आल्या. बायका घोंगड्या घेऊन दुपारपासूनच तंबूत जागा धरून बसल्या होत्या. आता तुला खरं सांगून टाकते, रागावू नकोस. रेल्वेने तुझा पेपर आला की हे मला तुझा लेख वाचायला लावतात. तू नुसती नावं ठेवली असलीस तर गप्प बसतात. पार सालटी काढली असलीस तर मिशीला हात लावून म्हणतात, लई घातल्यात की शिव्या, मागवा ह्या सिनेमाची पेटी. मागच्या साली तू डोक्यावर घेतलेला एक सिनेमा आणला होता. मध्यंतराला लोक पोती उचलून घरी गेले. तेव्हापासून यांनी तुझी स्तुती वर्ज्य केली आहे. त्या घंगाळाच्या सिनेमात तू किती वेळ झोपला होतास ते कळव.

दिवाळीत मी सोलापूरला आले तेव्हा टॉकीजच्या दारावर तिकिटं फाडणारे हुसेनसाब भेटले होते. तुझं फार कौतुक करत होते. म्हणाले, साब आते तो कंधेपर टॉवेल, कोनेकी कुर्सी, और मैं उधर बत्तीच नहीं मारता. सिनेमाला टॉवेल कशाला लागतो रे? तिथे आंघोळ घालतात का?

फोटोतली मुलगी विजयमाला. कुर्डुवाडीला शाळेत शिकवते. वडील मानसिंगराव रेल्वेतून निवृत्त झाले, आई नाही. यांची त्यांची जुनी ओळख. तुझी पसंती कळवून टाकली आहे. फोटो कुठेतरी पडलाय म्हणतोस, तर तुझ्या वरच्या खिशात बघ. ते लोक तुझा पेपर घेतात, एवढीच एक धास्ती आहे.

शेंगा आणखी पाठवते. आमची आठवण सिनेमापुरती तरी ठेव.

तुझी
आक्का


शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. ४ जानेवारी १९७५

ति. सौ. आक्कास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

टॉवेल उकाड्यासाठी असतो. डिसेंबरातही असतो. बाल्कनीतले पंखे चालत नाहीत आणि हुसेनसाबांना फार बोलायची सवय आहे.

'खाकी वादळ' लागला. फौजदाराची आई जत्रेत हरवते, सापडते, आणि सापडल्या सापडल्या त्याच्याच मांडीवर मरते. एवढ्याने भागलं नाही म्हणून पुढे त्याला स्वप्न पडून ती पुन्हा मरते. एकच आई दोनदा मारणाऱ्यावर कोणतं कलम लागतं, असं मी विचारलं आहे. लेख झकास उतरला. दाजींना सांग, पेटी मागवू नका म्हणावं. सांगून उपयोग नाही हे आता कळलंच आहे.

पसंती कळवलीस ती कोणाची हे समजलं नाही. मी रचना फसली आहे असं लिहिलं होतं. असो. कुर्डुवाडीहून काही आलं का? मला घाई नाही. हल्ली टपाल गहाळ होतं, म्हणून विचारतो. आलं असेल तर उलट टपाली कळव. आलं नसेल तर तेही उलट टपाली कळव.

लोभ वाढवलास तर हरकत नाही.

रामहरी


जेऊर
ता. ११ जानेवारी १९७५

चि. रामहरीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

निरोप आला. नाही म्हणून आला.

त्यांचं घर सगळं हळवं आहे. मानसिंगराव रेडिओवरच्या नाटकाला रडतात, शेजारच्यांची लेक सासरी निघाली तरी रडतात. मुलगीही तशीच. तिने कळवलंय, की मुलगा लिहितो छान, वाचताना मला हसू आवरत नाही. पण आई मेलेली बघून ज्याला थट्टा सुचते त्याच्या घरात मी आणि माझे बाबा जन्मभर चेष्टेचा विषय होऊ. लग्न झाल्यावर बाबा तिच्याजवळच राहणार आहेत. त्यांना कोणी हसलेलं तिला चालणार नाही. वाचून मला फार वाईट वाटलं, कारण ती पोरगी मला मनापासून आवडली आहे.

रामा, मला तिला खरं सांगू दे. आई गेली तेव्हा तू एवढासा होतास. तंबूत माझ्या पदरात तोंड खुपसून अख्खा सिनेमा रडायचास आणि सकाळी गल्लीभर सांगायचास, भिकार होता. जेवढं रडायचास तेवढा तो भिकार. पोरं रडव्या म्हणून चिडवतील ही भीती. अजून तेच चाललंय, फक्त आता ते छापून येतं. ह्यांचा तंबू त्याच्यावरच तर चाललाय.

आणखी एक. 'भाऊबिजेचं ताट' नावाचा कोरा सिनेमा सोलापुरात एकाही टॉकीजने घेतला नाही, तो महिनाअखेरीला थेट आपल्या तंबूत येतोय. तुझा लेख नसल्यामुळे ह्यांना काही अंदाज येईना, म्हणून तुला बोलावलंय. मानसिंगराव आणि विजयमाला त्याच दिवशी शेतावर हुरड्याला येताहेत. सोयरीक मोडली म्हणून हुरडा मोडत नाही. तू ये.

माया कमी न होणारी
आक्का


शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. १५ जानेवारी १९७५

ति. सौ. आक्कास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुला आईची शपथ आहे. माझ्या रडण्याबद्दल त्या घरात एक अक्षर बोलायचं नाही. मी रडतो हे पेपरातल्या मंडळींना कळलं, की माझं सदर राशिभविष्याच्या खाली जाईल आणि हॉटेलातले लोक लेखाऐवजी मला वाचून दाखवतील.

पण एक गोष्ट एकदाच लिहितो, पुन्हा विचारू नकोस. मला ती हवी आहे. फोटो खरंच खिशात आहे, आणि हुसेनसाबांनी तो बॅटरीच्या उजेडात बघितलासुद्धा आहे. तिच्या बाबांना मी हसेन असं तिला वाटतं हे वाचल्यापासून घास गोड लागत नाही. तरी मी रडका आहे अशी शिफारस नको. तसं सांगून मुलगी मिळवायची म्हणजे 'सुनेची पाटली'च झाली.

मी येतो. सभ्य माणसासारखा बसेन, सिनेमा कसाही असला तरी मान डोलवीन आणि पेपरात चार चांगले शब्द लिहीन. टॉवेल घरी ठेवून येईन.

शपथ लक्षात असू दे, बाकी लोभाचं तू बघशीलच.

रामहरी


कुर्डुवाडी
ता. ४ फेब्रुवारी १९७५

सौ. मुक्ताताई यांस,
विजयमालाचा सा. न. वि. वि.

हुरडा फार गोड होता. बाबा अजून तुमच्या लसणाच्या चटणीची आठवण काढतात. पत्र मात्र दुसऱ्या कारणाने लिहिते.

तंबूत तुम्ही मला पुरुषांच्या बाजूच्या दोरीला लागून बसवलंत, तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. सिनेमातली बहीण दरवर्षी भाऊबिजेला ताट वाढून उंबऱ्यात बसते, आणि शेवटी एकदाचा भाऊ येतो तेव्हा तिला डोळ्यांनी दिसत नसतं. तो ताटावर बसतो आणि ती चाचपडत त्याच्या तोंडाला हात लावते. तेवढ्यात रीळ तुटलं आणि गॅसबत्त्या लागल्या. दोरीपलीकडे सगळे गडी फेट्याच्या शेवाने डोळे पुसत होते. त्यांच्या मध्ये तुमचे बंधू एका सोलापुरी टॉवेलमध्ये तोंड घालून गदगदत होते, आणि टॉवेलचं दुसरं टोक माझ्या बाबांच्या डोळ्यांना होतं. ते बाबांना सांगत होते, की जनरेटरचा धूर फार आहे. बाबा म्हणाले, व्हय, मलाबी धूर सोसत न्हाय. जनरेटर तर आम्हा बायकांच्या बाजूला होता, आणि आम्हाला काहीच धूर लागत नव्हता.

तरीही तेवढ्यावर मी मत बदललं नाही. सोयरिकीच्या आशेने आलेला माणूस दोन टिपं गाळू शकतो. म्हणून रविवारच्या पेपरची वाट पाहिली. त्यांनी सिनेमाचं कौतुक केलं असतं तर मी ते मला खूश करायला लिहिलंय असं समजले असते आणि तुम्हाला हे पत्रही आलं नसतं. पण त्यांनी त्या सिनेमाच्या पार चिंध्या केल्यात. लिहिलंय, की वाढलेलं ताट बघून ज्याला भरून येतं त्याला भूक लागलेली असते, त्याने घरी जाऊन जेवावं. बहीण आंधळी झाली ते बरंच झालं, तिला हा सिनेमा पाहावा लागला नाही. वाचून मला खूप हसू आलं. मग त्यांचे मागचे सगळे लेख आठवले, आईला दोनदा मारल्याचासुद्धा, आणि माझं हसू थांबलं. बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, एवढं लिवलंय म्हंजे पोरगं घरी जाऊनबी रडलंय.

माझा नकार मी मागे घेते. बाबांची संमती आहे. तारीख तुम्ही बघा.

एकच विचारायचं राहिलं. माझ्या फोटोबद्दल त्यांनी तुम्हाला काय लिहिलं होतं? चांगलं लिहिलं असेल तर मला स्पष्ट कळवा, म्हणजे मला पुन्हा विचार करावा लागेल.

तुमच्या मायेत आता आम्हा दोघांनाही धरावं.

आपली
विजयमाला


जेऊर
ता. ८ फेब्रुवारी १९७५

चि. विजयमालेस,
मुक्ताआक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

आता तुला अहोजाहो करत नाही.

रविवारी दुपारी रामहरीची ह्यांना तार आली. चांगलं लिहायचं ठरवलं होतं, सवयीने हात भलतीकडे गेला, कुर्डुवाडी स्टेशनवरचे सगळे पेपर विकत घ्या, असं त्यात होतं. ह्यांनी तार वाचली, लेखातल्या शिव्या पाहिल्या आणि 'भाऊबिजेचं ताट' आणखी महिनाभरासाठी ठेवून घेतला. रामहरी तिकडे सगळं संपलं म्हणून उपाशी बसलाय. तुझं पत्र त्याला कळवलं आहे. आता तो आनंदाने मला काहीतरी वाईटसाईट लिहील.

मला त्याने आईची शपथ घातली होती, की त्याच्या रडण्याबद्दल तुला एक अक्षर सांगायचं नाही. मी ती पाळली. मी तोंडातून ब्र काढला नाही. फक्त टॉवेल तो घरी ठेवून आला होता, तो मी ह्यांचा त्याच्या खांद्यावर टाकला. आणि बाई, आमचं रीळ आजवर असं नेमक्या वेळेला कधी तुटलेलं नाही. ह्यांना मी सांगून ठेवलं होतं, बहिणीचा हात भावाच्या तोंडावर गेला की बत्त्या लावा. ह्यांना तो सीन दिसेना, डोळे भरले होते, म्हणून जरा उशीरच झाला.

फोटोचं विचारलंस. त्याने लिहिलं होतं, की तुझं नाक पुढे आलंय, तू मास्तरणीसारखी उभी राहिली आहेस, डावा हात तुला सांभाळता येत नाही, मागचा रंगवलेला महाल तुझ्यापेक्षा सुखात आहे आणि एकूण सगळं फसलेलं आहे. एवढे दोष त्याने आजवर एकाही सिनेमात काढले नव्हते. पत्र आलं त्याच संध्याकाळी मी लग्नाची हळद दळायला काढली.

लवकर घरी ये, म्हणजे लोभ असू द्यावा असं पत्रातून लिहावं लागणार नाही.

तुझी
आक्का