लांब बॉनेट, अरुंद दार

५ जानेवारी
आली, आली, आली! ट्रकवरून उतरवली तेव्हा अख्खी गल्ली बाहेर. लाल, दोन सीटची, साठच्या दशकातली स्पोर्ट्स कार. लांबलचक बॉनेट, आखूड बूड, आणि पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एकच रेघ, कुठ्ठे म्हणून तुटत नाही. ही रेघ काढणाऱ्याचे हात धुऊन पाणी प्यावं. बायकोने विचारलं, घेण्याआधी आत बसून बघितलंत का? हसूच आलं. जाणकार माणूस गाडीत बसत नाही, गाडीभोवती फिरतो. मी चांगला तासभर फिरलो होतो.

५ जानेवारी, संध्याकाळ
बसत नाही. म्हणजे मी बसत नाही. पाय जातो, खांदा जातो, मग पोटाची आणि स्टिअरिंगची गाठ पडते. थंडीत धातू आकसतो, हे शास्त्र आहे. उन्हाळ्यात बसेन.

७ जानेवारी
बायकोची अट. मार्चमध्ये जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. तिथे परीक्षकांसमोरून गाडी चालवत न्यायची असते. मी नेली तर गाडी घरात, नाहीतर तिच्या भावाला द्यायची. म्हटलं, मंजूर! मेव्हण्याला डिझाइनमधलं ओ की ठो कळत नाही. हिला 'ती लाल गाडी' म्हणतो. पण आहे काडीपहिलवान. आज आला, सुर्रकन आत शिरला आणि हॉर्न वाजवला. माझा हॉर्न! गाडी गेली तर मी जगणार नाही.

८ जानेवारी
संकल्प: गोड बंद, रात्रीचं जेवण बंद, पहाटे धावणे.

९ जानेवारी
पहाटे बूट सापडले नाहीत. रात्री मात्र जेवलो नाही. पातेल्यातून उभ्याउभ्या खाल्लं, ते जेवण नव्हे.

२० जानेवारी
मेकॅनिक म्हणाला, साहेब, सीट जरा मागे घेऊ का, चार बोल्टचं काम आहे. अंगावर काटा आला. त्याला स्टुलावर बसवून समजावलं. इंजिन लांब म्हणून बॉनेट लांब, बॉनेट लांब म्हणून ड्रायव्हर मागे. आधी मातीचा नमुना, मग लाकडी साचा, मग त्यावर हातोडीने ठोकून आकार दिलेला पत्रा. यातला एक बोल्ट हलला तरी मूळपणा गेला! सांगता सांगता मलाच भरून आलं. तो म्हणाला, बरं, पण बॅटरी उतरेल, रोज कुणीतरी गाडी फिरवायला हवी. बायको आतून म्हणाली, मी फिरवते. बिचारी! तिला यातलं काय कळतंय, पण बॅटरी तरी सांभाळेल.

५ फेब्रुवारी
बायको आजही 'बॅटरीसाठी' गेली होती. बऱ्याच वेळाने आली. केस विस्कटलेले, गाल लाल, गुणगुणत होती. बॅटरीची केवढी ही काळजी! खूश होऊन तिला ती रेघ पुन्हा समजावली. म्हणाली, अहो, पाठ झालंय आता. चेष्टा करते माझी.

१८ फेब्रुवारी
क्रांती! आत शिरलो! मी श्वास सोडला, बायकोने बाहेरून ढकललं. आनंदाने हॉर्न वाजवायला गेलो तर हात वर येईना. मग मीच बाहेर येईना. मेकॅनिकने येऊन आधी स्टिअरिंग काढलं, मग मला काढलं. पण आत जाणं तर जमलं! आता फक्त चालवणं आणि बाहेर येणं राहिलं. या आनंदात आइस्क्रीम. आनंदातलं धरायचं नसतं.

१० मार्च
पँट सैल झाली! बायकोला दाखवली. म्हणाली, शिंप्याकडून वाढवून आणलीय.

२७ मार्च
प्रदर्शन परवा. मूळपणा मूळपणा म्हणजे तरी शेवटी काय? चार बोल्ट. मेकॅनिकला गुपचूप फोन केला, सीट मागे घे, कुणाला बोलू नकोस. तो घुटमळला. म्हणाला, साहेब, सीट मागच्याच महिन्यात सरकवली. पुढे. वहिनींचे पाय पोचत नव्हते. म्हणजे मूळ सीटवर मी बसलोच असतो! हा माझा नैतिक विजय आहे. त्याला म्हटलं, आता तरी मागे घे. म्हणाला, वहिनींना विचारतो.

२९ मार्च
मैदानावर घोषणा झाली, गाड्या काढा. मी दार उघडलं. बाजूला मेव्हणा चावीसाठी हात पुढे करून उभा. एक पाय आत घातला, खांदा घातला, श्वास सोडला. नाही. पुन्हा सोडला. नाही. सोडायला श्वास उरला नाही. डोळ्यांदेखत गाडी हातची चालली. तेवढ्यात बायको आली, डोक्याला रुमाल, डोळ्यांवर गॉगल. म्हणाली, अहो, सरका जरा.

आणि गेली की हो! वळणावर गिअर कधी बदलला ते कळलंसुद्धा नाही. परीक्षकाने विचारलं, बॉनेट एवढं लांब कशाला? तिने इंजिन, माती, साचा, पत्रा, न तुटणारी रेघ, सगळं सांगितलं. माझ्याच शब्दांत, माझेच हातवारे करून. पहिलं बक्षीस! टाळ्या वाजवून माझे तळवे सुजले. डोळ्यांत पाणी आलं, तिथे धूळ फार होती. परीक्षकाने विचारलं, हे कोण? ती म्हणाली, आमचे हे. गाडीचं बाहेरचं सगळं हेच बघतात.

घरी येताना मेव्हण्याने अटीची आठवण काढली. ती म्हणाली, गाडी कुठेही जाणार नाही, माझी आहे. वाचलो! म्हणजे मीच जिंकलो, असं धरायला हरकत नाही.

३१ मार्च
ती भावाला शेजारी बसवून लांब फिरायला गेली. दोनच सीटा, त्यामुळे माझा प्रश्न आला नाही. गॅरेज झाडून काढलं. मग गाडी उभी असते तिथे खुर्ची टाकून बसून पाहिलं. गुडघे मोकळे, पोट मोकळं, खांदे कुठे घासत नाहीत. एवढ्या जागेत मी अगदी आरामात मावतो.